अकरा तारखांचा वकील

पीएचडीसाठी मी निवडलेला माणूस पहिली तीन वर्षं मला अजिबात आवडला नाही. एकोणिसाव्या शतकातला, अमेरिकेतल्या एका आडगावचा वकील. पुढे राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला. एका विधवेच्या घरावर तिच्या दिराने दावा लावला होता आणि तिचं वकीलपत्र याच्याकडे होतं. या गृहस्थाने अकरा वेळा पुढची तारीख मागितली. कधी आजारपण, कधी कागद सापडेनात, कधी साक्षीदार आला नाही. मधल्या काळात निवडणूक मात्र जिंकली. मी लिहून मोकळी झाले: राजकारणाच्या नादात याने अशिलाला वाऱ्यावर सोडलं. ती बाई शेवटी खटला जिंकली, ते कायदा बदलला म्हणून. तिचं नशीब!

लॉकडाऊन लागला होता. युनिव्हर्सिटी बंद, लायब्ररी बंद. इथे परदेशात, क्लेटन नावाच्या उपनगरातल्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये नवरा बेडरूममधून ऑफिस चालवायचा आणि मी जेवणाच्या टेबलावर थिसिस लिहायचे. गाइडने झूमवर स्पष्ट सांगितलं, "धिस चॅप्टर डझन्ट होल्ड. द पॅनेल विल फेल यू." नापास म्हणजे स्कॉलरशिप बंद आणि सगळी मेहनत पाण्यात. माझं धाबं दणाणलं होतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासरे असायचे. गावाहून तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. चाळीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली केलेली. माझ्या चहापासून माझ्या इंग्रजीपर्यंत सगळ्याला त्यांची हरकत. एका दुपारी, निदान तासभर तरी गप्प बसतील म्हणून, मी खटल्याच्या नोंदींची प्रिंट त्यांच्या हातात दिली. दोनदा वाचून ते खो खो हसत सुटले.

"सूनबाई, याला तू कामचुकार म्हणतेस? अगं, मुद्दाम घेतल्यात त्याने या तारखा!"

"मुद्दाम? कशाला, बाबा?"

"आजचा कायदा अशिलाच्या विरुद्ध असेल तर वकील आज निकाल लागू देत नाही. पक्का बेरकी आहे हा. कशाची तरी वाट बघत होता."

"हे लिहू मी?"

"खुळी आहेस का? माझं म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे. कागद काढ!"

कोर्टाची पायरी कधी न चढलेल्या घरातली मी. तारीख लांबली म्हणजे वकील नालायक, एवढंच मला ठाऊक. चडफडत मी विधिमंडळाच्या कामकाजाची ऑनलाइन पानं पुन्हा उघडली. आधी मी फक्त त्याची भाषणं वाचली होती. आता समित्यांच्या याद्या बघितल्या. विधवांच्या मालमत्तेचा नवा कायदा ज्या समितीने लिहिला, तिच्यात हा होता. चालू दाव्यांनाही तो लागू व्हावा, ही दुरुस्ती याचीच. आणि कायदा मंजूर झाल्यावर आठवड्याच्या आत याच माणसाने कोर्टात अर्ज दिला होता: सुनावणी ताबडतोब घ्यावी. मी टेबलावर थाप मारून अशी ओरडले की नवरा मीटिंग म्यूट करून धावत बाहेर आला. त्या बाईला त्याने सोडलंच नव्हतं!

प्रकरण नव्याने लिहून मी झूमवर पॅनेलसमोर बसले. एका परीक्षकाने विचारलं, "हाउ ऑन अर्थ डिड यू स्पॉट धिस?" खोटं कशाला बोलू, श्रेय घ्यायचा मोह झाला. पण मी म्हणाले, "माय सीनियर शोड मी," आणि लॅपटॉप वळवला. थंडीसाठी आणलेला कोर्टाचा काळा कोट पायजम्यावर चढवून सासरे बसले होते. ते उभे राहिले, मान झुकवून म्हणाले, "फॉर्टी इयर्स ऑफ ॲडजर्नमेंट्स, युवर ऑनर." तिघेही परीक्षक हसू लागले.

दहा मिनिटांनी कळलं: पास, एकही दुरुस्ती नाही. मी रडायलाच लागले. सासऱ्यांनी सावकाश कोट उतरवला, खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"पहिल्याच तारखेला निकाल," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत माझ्या एकाही अशिलाला हे सुख देऊ शकलो नाही गं मी."