काकवीला कोणी उठवलं?

आधी गाढवपणा कबूल करते, बाकीचं मग. मी माझ्या कुत्रीला ‘थांब’ शिकवलं... आणि ‘चल’ शिकवायचं राहूनच गेलं.

हसा. सूनही हसली होती. पण ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची, तेव्हा मी जेमतेम एकसष्ट वर्षांची अल्लड पोरगी होते. अंगणवाडीतून नुकतीच रिटायर झालेली, हातात नवा मोबाईल, आणि मोबाईलवर कुत्र्यांना शिकवायचे व्हिडिओ. चाळीस पोरं एका डोळ्याच्या धाकात बसवलेल्या बाईला एक कुत्री काय जड, असा सगळा तोरा!

भूतखेत, करणी, बाहेरचं — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तिठ्यावर कुणी उतरून टाकलेला नारळ उचलून आणून त्याची चटणी सासूबाईंना खाऊ घातलेली बाई मी. (त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. हे आजपर्यंत घरात कुणाला ठाऊक नाही.) तेव्हा माझ्या अंगात काही येतं-जातं असं कुणी समजू नये.

आम्ही कारेगावला राहतो. मुलगा कंपनीत शिफ्टला जातो. काकवीला मी राहू गावाहून आणली, बहिणीच्या गुऱ्हाळावरून. रंग अगदी कढईतल्या काकवीसारखा, म्हणून ते नाव. आमच्या घरापासून दोनेक किलोमीटरवर एक बोडकी टेकडी आहे. दसरा झाला की तिथलं गवत पिवळं पडतं, चिखल वाळतो, वर चढायला बरं होतं. रोज चारला ऊन कललं की पायात मुलाचे जुने स्पोर्ट शूज घालून मी आणि काकवी निघायचो. मी त्याला ‘ट्रेक’ म्हणायचे. शेजारणी वेगळंच काहीतरी म्हणायच्या.

माझी पद्धत अशी. “थांब” म्हटलं की तिनं बसायचं आणि मी परत येऊन डोक्यावर तीन थापा मारेपर्यंत जागचं हलायचं नाही. मग भाकरीचा तुकडा. परीक्षाही घ्यायचे हो! लांब जाऊन हाका मारायच्या, “ये ये, मटण आहे!” आणि बिचारी आलीच तर ओरडायचं. पंधरा दिवसांत ती इतकी पक्की झाली की मी बोंब मारली तरी कान हलवायची नाही.

सून म्हणाली, “आई, तिला उठायचा शब्द काय ठेवलाय?”

“शब्द कशाला? मी थापा मारते की.”

“आणि तुम्ही नसलात तर?”

“तर तू मार. तीनपर्यंत येतं ना मोजता?”

ती भाकरी थापायला आत निघून गेली. शहाणी आहे.

दिवाळीला आठवडा राहिला होता. टेकडीच्या माथ्यावर एक सपाट दगड आहे, तिथं काकवीला बसवलं, शेजारी पिशवी ठेवली. पिशवीत मोबाईल. “थांब, राखण कर!” म्हणाले, आणि पलीकडच्या ओघळीत उतरले. का? तर तिथं एका झाडाला डोळे उघडलेली सीताफळं दिसली. दोन तोडली. तिसऱ्याला हात घालताना पायाखालचा दगड सुटला, मी बसल्या बसल्या खाली गेले आणि घोट्यात काहीतरी कट्कन वाजलं.

उठायला गेले तर डोळ्यापुढं अंधारी. वीसेक पावलांवर, वर दगडावर काकवी सरळ बसलेली. मला बघत होती.

“काकवे, ये!”

शेपटी हलली. ती हलली नाही.

“ये गं बाई, खरंच ये. या वेळी परीक्षा नाही...”

कुत्रीला हे कसं समजवायचं सांगा. मीच तर शिकवलं होतं, की मी बोलावलं तरी यायचं नाही.

आधी मला माझीच काळजी होती. मग मोर ओरडायला लागले, एकदम चार-पाच, टेकडीच्या त्या अंगाला. त्या अंगाला ऊस आहे. आमच्याकडं उसात बिबट्या असणं नवलाचं नाही. आदल्याच आठवड्यात त्यानं वस्तीवरचं एक कुत्रं साखळीसकट नेलं होतं. काकवीनं मान वळवून मागं बघितलं. पाठीवरचे केस उभे राहिले. ती गुरगुरली, मग नुसतीच थरथरायला लागली... आणि परत माझ्याकडं बघितलं. उठली नाही. मी परवानगी दिलेली नव्हती.

मी ओरडले, शिव्या दिल्या, हात जोडले. कोपरांवर रांगत वर जायला लागले, तर मुरूम सरकून होते तिथंच परत आले. हातातलं सीताफळ तिच्या दिशेनं फेकलं, की घाबरून तरी पळेल. ते तिच्या पुढ्यात फुटलं. तिनं वाससुद्धा घेतला नाही. असं वाटलं, मी स्वतःच्या हातानं तिला तिथं खुंटीला बांधून ठेवलीय.

आणि मग मी जे बघितलं ते जसंच्या तसं लिहिते.

काकवीचं डोकं खाली दबलं. कान मागं चपटे झाले. डोकं वर आलं. परत दबलं. परत. तीन वेळा. माझ्या थापा पडताना ती डोळे मिटते, तसे तिनं मिटले होते. तिच्याजवळ कुणी नव्हतं. ऊन होतं अजून, मला लख्ख दिसत होतं... कुणी नव्हतं.

तिसऱ्यांदा डोकं वर आलं आणि ती सुटली. गोळीसारखी खाली आली ती थेट माझ्या मांडीत. मी तिला धरते न धरते तोच त्या दगडावर बिबट्या येऊन उभा राहिला. माझी पिशवी हुंगली. आमच्याकडं एकदा बघितलं, आणि उसाच्या अंगाला निघून गेला. माझी किंकाळी त्यानंतर निघाली.

सून म्हणते वारा असेल. वारा तीनदा मोजून येतो का? गुरांचे डॉक्टर म्हणाले, कुत्रं भीतीनं मान आखडतं. असेल. मग मान आखडून ते भाकरीचा तुकडा मागत येतं का? कारण माझ्या मांडीत शिरल्या शिरल्या तिनं माझी मूठ उघडायला सुरुवात केली होती. आता मी तिला ‘थांब’ म्हणत नाही.

त्या दिवशी मला खाली आणलं ते समोरच्या उतारावर मेंढरं चारणाऱ्या धनगरमामांनी. पन्नाशीचा माणूस. किंकाळी ऐकून काठी घेऊन धावत आले, मला घोड्यावर बसवलं. टेकडीच्या पायथ्याशी आल्यावर माझ्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ रागही. म्हटलं, “मामा, घसा फुटेस्तोवर हाका मारत होते मी. आधी का नाही आलात?”

मामांनी घोडं थांबवलं.

“आवं आज्जी, पयली हाक आली तवाच निगालो हुतो. पन वर बगितलं तर कुत्रीपाशी बाई बसल्याली. म्हनलं, हाय कुनीतरी संगं, आन् मेंढरं वळवाया माघारी फिरलो...” त्यांनी मान वळवून टेकडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “आवं पन, ती बाई कुठं हाय? तिला वरच ठिवून आलो का काय आपन?”