बोंडअळीचं गणित

लोखंडी सळईचं एक टोक तापवलं की उष्णता दुसऱ्या टोकाकडे कशी सरकते, या गणितावर जेबानं डॉक्टरेट केली होती. अमरावतीच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवायची आणि सुट्टीला तिवशाला आईकडे जायची. गुलाबी बोंडअळीनं मुलूख पोखरला त्या वर्षी, एसटीच्या खिडकीतून कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीवर नांगर फिरताना पाहून तिच्या मनात आलं, या अळीचे पतंग तरी वेगळं काय करतात? दाटीतून विरळ जागी पसरतात, वारा ढकलेल तिकडे जातात. समीकरण तर तेच.

तिनं कॉम्प्युटरवर गणित मांडलं. वाऱ्याची दिशा, गावोगावचं नुकसान सगळं त्यात घातलं आणि सुरुवात कुठून धरली तर नकाशा जुळतो, ते पाहत गेली. तो एकाच जागेवरून जुळत होता. तिच्या दाऊदमामूच्या जिनिंगवरून. तिथं कापसातून वेगळ्या काढलेल्या बियांचे, सरकीचे ढीग उन्हाळाभर पडून असायचे आणि अळी त्यांतच दडून राहायची. पुढच्या पावसाळ्यात तिनं शेतांच्या बांधांवर मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे टांगले. जिनिंगजवळचे सापळे पतंगांनी भरले, लांबचे जवळजवळ रिकामे राहिले.

कागद घेऊन ती अकोल्याला एका कीटकशास्त्रज्ञांकडे गेली. त्यांनी चहा पाजला, तिचा विषय विचारला आणि उत्तर ऐकून कागद तसेच परत केले. कॉलेजात विभागप्रमुख म्हणाले, किड्यांच्या मागं लागून तुम्हाला कायम कोण करणार? तिला वाटलं, हे सगळे कागद बैलासमोर टाकावेत, निदान तो चघळेल तरी.

उरला मामू. बाप गेल्यावर तिला शिकवणारा तोच.

"मामू, पाऊस लागायच्या आत सरकी हलवा. आवारात सापळे लावा."

"अन् लोकायनं म्हटलं, दाऊदसेठच्या जिनिंगातून अळी निंगते, तं? तू मलेच बदनाम करून राहिली, बेटा."

ती पुन्हा गेली, भांडली. ईदला मामूनं तिच्याशी बोलणं टाळलं, आणि आई म्हणाली की आता हे पुरे. मामूचं नाव गावात सांगायला मात्र जेबाची जीभ रेटली नाही. त्या गप्प बसण्याचीही तिला चीड यायची.

अळी पुन्हा आली. कंटाळून लोकांनी कपाशी सोडली, सोयाबीन पेरलं. कापूसच येईना, तेव्हा जिनिंगची यंत्रं दिवाळीनंतर थोडेच दिवस चालून थांबली. मामूनं तिला बोलावणं धाडलं. रिकाम्या आवारात खुर्ची टाकून तो बसला होता.

"मले तवा जरा जोर देऊन सांगाचं होतं तू," तो म्हणाला.

जेबाची कानशिलं तापली. किती वेळा सांगितलं, किती भांडले, सगळं ओठांवर आलं. पण मामूचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं. एवढंच विचारलं, मागच्या शेडमध्ये उरलेली सरकी अजून तशीच आहे का?

तशीच होती. सापळे आणण्यासाठी ती पिशवी उचलून स्टँडकडे निघाली.