एकाच ओळीची खानावळ

मावशीच्या खानावळीत जागा निवडता येत नसे. ओळ जिथं संपली असेल तिथं पळसाचं पान घ्यायचं आणि बसायचं. शेजारी कोण आहे हे पाहून कुणी हातभर लांब बसला, की मावशी कालवणाचं पातेलं खाली ठेवी आणि डाव त्याच्याकडे रोखून म्हणे, "मदे म्हस बसनार हाय का? सरक." तो सरकेपर्यंत कुणाच्याच पानावर काही पडत नसे. मग बाकीचे भुकेले ओरडत, "सरका हो साहेब!" आणि साहेब सरकत. बोईसर स्टेशनाबाहेरच्या नाक्यावर, साठच्या दशकात, असे कितीतरी साहेब सरकताना मी पाहिले आहेत.

आज हे लिहायला बसलो ते संतापानं. नाक्यावरच्या व्यापारी मंडळींनी नुकतीच एक स्मरणिका काढली. तिच्यात नाक्याचा इतिहास आहे. पहिलं हॉटेल आहे, तंबूतला पहिला सिनेमा आहे, फिरत्या खुर्चीचं पहिलं केशकर्तनालय आहे, फोटोंसकट. आज कुठं काय खावं, काय बघावं, तेही आहे. मावशी नाही. जणू आमचा नाका आरसे लावलेल्या हॉटेलातूनच जन्माला आला! राग कुणावर काढू? त्या मंडळींत मीही आहे. बैठकीत मी तिचं नाव काढलं, तेव्हा एक जण हसून म्हणाला, "ती काय प्रेक्षणीय स्थळ होती का?" सगळे हसले. मी चहा पीत राहिलो.

खरं सांगायचं तर हा नाका गवतानं वसवला. डोंगरपट्टीतून बैलगाड्या भरून गवत यायचं, स्टेशनालगतच्या वखारींत त्याच्या गासड्या बांधल्या जायच्या आणि मालगाडीनं मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. गासड्या बांधणारे सगळे डोंगरातले. पावसावरची तुकडाभर शेती, तिचं भात संपलं की ते कामाला खाली उतरत. उन्हातान्हात राबणाऱ्या या माणसांना दुपारी गरम घास देणारं नाक्यावर कुणी नव्हतं. किनाऱ्यावरच्या मुरबे गावची एक विधवा कोळीण सुक्या बोंबलांची पाटी घेऊन बाजाराला यायची. तिनं हे पाहिलं आणि एक दिवस पाटीच्या जागी चूल मांडली. तीच ही मावशी. तिचं खरं नाव मला तिच्या मरणापर्यंत ठाऊक नव्हतं.

पुढे तारापूरकडे वीजकेंद्राचं काम निघालं आणि नाक्यावर साऱ्या देशाची माणसं आली. फिटर, वेल्डर, ड्रायव्हर, ओव्हरसियर. सगळ्यांना भूक होती आणि चूल एकच होती. मावशी सगळ्यांशी आपल्याच बोलीत बोले. उत्तरेकडचा एक उंच वेल्डर कुरकुरला, "मौसी, मछली में काँटा बहुत है." मावशी म्हणाली, "काटा हाय म्हनून मासा हाय. बिनकाट्याचं पायजे तर लापशी खा." त्याला शब्द कळले नाहीत, सूर कळला. नंतर तो रोज यायचा आणि शेजारच्या गासडीवाल्याकडून काटे काढायला शिकायचा. त्याच्या एका बाजूला डोंगरातला मजूर आणि दुसऱ्या बाजूला टाय सैल केलेला ओव्हरसियर, हे दृश्य मी आमच्या किराणा दुकानाच्या फळीवरून रोज बघत असे. तेव्हा त्यात विशेष वाटत नसे. आता वाटतं.

मग ते आरशांचं हॉटेल आलं. संगमरवरी टेबलं, रेडिओ, थंड सोडा. आम्ही तरुण पोरं तर दिवाणी झालो होतो. आत आमच्यासाठी चकचकीत कपबश्या आणि बाहेर भिंतीलगत एक बाक. बाकाच्या वर खिळ्यांना कान तुटलेले कप टांगलेले. ते डोंगरातल्या माणसांसाठी. आम्हांला ते दिसत नव्हते असं नाही. दिसत होते.

मावशी एका दुपारी तिथं गेली आणि बाहेरच्या बाकावर बसली. मालक धावत बाहेर आला.

"मावशी, आत बसा ना. हा बाक तुमच्यासाठी नाही."

"मंग कोनासाठी हाय?"

मालक खांद्यावरच्या फडक्यानं बाक पुसू लागला.

"बोल की. बाक तू घातलास, नि नाव मी सांगू?"

खिळ्यावरच्याच एका कपात तिनं चहा मागून प्यायला आणि जाताना कप कमरेला खोचून घेऊन गेली. पुढच्या रविवारी मालक तिच्याकडे सरंगा माशाचं कालवण खायला आला. स्वतःच्या हॉटेलातलं त्यालाही गोड लागत नव्हतं! सगळ्यांना पेल्यांत पाणी आलं, त्याच्या पानापुढे कान तुटलेला कप. "तुजाच हाय," मावशी म्हणाली, "वळखलास?" सबंध ओळ खदखदून हसली. मालक भात तसाच टाकून उठला. त्या दिवसापासून नाक्यावरची पेढीवाली माणसं तिच्या विरोधात गेली. माझे वडील त्यांत पुढे होते.

तरीही रांधावं तर तिनंच, हे सगळे जाणून होते. तंबूच्या जागी पक्कं थिएटर बांधायचं ठरलं, तेव्हा परवानगी देणाऱ्या एका बड्या अधिकाऱ्याला पेढीवाल्यांनी जेवायला बोलावलं ते तिच्याच खानावळीत. तिनं पहाटे सातपाटीहून ताजा सरंगा आणवला. दुपार झाली आणि रोजच्यासारखे गासडीवाले आले, हातपाय धुऊन ओळीत बसले. साहेब अजून यायचे होते. वडील घाईघाईनं आत शिरले, मी त्यांच्या मागे.

"मावशी, आजच्या दिवस ह्यांना मागून बसव."

"मागून म्हंजे? आदी आले ते आदी बसले."

"अगं, साहेब येतायत!"

"येव दे की. वळीला शेवट हाय ना? तितं बसतील."

वडिलांनी मग तिच्याशी बोलणं सोडलं आणि ओळीकडे नुसतं पाहिलं. एवढंच केलं त्यांनी. गासडीवाल्यांतला वडीलधारा जान्या मुकाट्यानं पान उचलून उठला. त्याच्यामागून बाकीचे उठले आणि बाहेर चिंचेखाली जाऊन बसले. "मावशे, जाव दे," जान्या म्हणाला. "आमी हितं खातू. तुला उगा तरास."

मावशीनं डाव आपटला. मला वाटलं, आता वडिलांची धडगत नाही. पण ती गेली चिंचेकडे.

"तुला कोनी उटवला? मी उटवला? त्यानं डोळा वटारला नि तू पान उचाललास! आज तू उटलास, उद्या तुजा पोर बसाया यायचाच नाय!"

जान्या पानावरची माती पुसत बसला. तेवढ्यात साहेबांची जीप आली आणि वडिलांनी हात जोडून ती आरशांच्या हॉटेलाकडे वळवली. मला आजही चीड येते ती याची, की त्या साहेबांना कुणी विचारलंच नाही. कदाचित ते ओळीच्या शेवटी मुकाट बसलेही असते! त्यांच्या नावानं माणसं उठवली गेली आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. सरंगा मावशीच्या चुलीवर राहिला आणि आम्ही आरशांत स्वतःकडे बघत पुरीभाजी खाल्ली. मीही खाल्ली.

त्यानंतर गासडीवाले खानावळीत यायचे बंद झाले. आपल्यामुळे मावशीचा धंदा बसेल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मावशीनं थोडे दिवस वाट पाहिली. मग एका दुपारी तिनं भाताचं पातेलं डोक्यावर घेतलं आणि भर नाक्यातून चालत वखारीत गेली. गासड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पानं मांडली. "तुमी वळ मोडून आलात," ती म्हणाली, "म्हनून वळ हितं आनली. बसा आता. नि कोन बी आला तरी उटायचा नाय." तो उंच वेल्डर आणि त्याचे दोघे-तिघे सोबती तिच्यामागे वखारीत जेवायला जाऊ लागले. नाक्यावरच्यांना हा मोठा विनोद वाटे.

वखारी फार काळ टिकल्या नाहीत. गवतापेक्षा जमिनीला मागणी आली, वखारींचे गाळे झाले. गाळ्यांत कापडवाले, भांडीवाले, रेडिओवाले आले. दिवे आले, गर्दी आली. स्मरणिकेत या सगळ्याला 'कायापालट' म्हटलं आहे. गासडीवाले कामाच्या शोधात पांगले आणि मावशीनं पातेली बांधली. जाताना आमच्या दुकानापुढे थांबून ती वडिलांना म्हणाली, "शेट, नाका झ्याक झाला तुमचा. बसाया जागा तेवडी नाय ठेवलीत." वडील तांदूळ पाखडत असल्याचं दाखवत राहिले.

दोन पावसाळ्यांनी ती मुरब्याला वारली. तेराव्याला आम्ही नाक्यावरची चार माणसं गेलो. पुतण्यानं जेवण चांगलं घातलं होतं. दारात मंडप, मंडपात आमची पानं. मांडवाबाहेर माडांखाली वेगळी पानं मांडलेली होती, ती कुणासाठी हे मला नंतर कळलं. जान्या आला. त्याच्याबरोबर सात-आठ जुने गासडीवाले. कुठून कुठून चालत आले होते, त्यांना निरोप कुणी दिला कोण जाणे. पुतण्यानं त्यांना माडांकडे बोट दाखवलं.

जान्यानं माडांखालच्या पानांकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं.

"ह्या दोन वळी हायत," तो म्हणाला.

"अरे, जेवन एकच हाय," पुतण्या म्हणाला.

"जेवन आसंल एक. मावशीकडं आमी दोन वळीत कदी जेवलो नाय."

त्यानं दारात तिच्या नावानं मांडलेल्या पाटापुढे हात जोडले आणि सगळे आले तसे परत निघाले. त्यांच्या मागे कुणी गेलं नाही. माझ्या पानावर भात वाढलेला होता. माझ्या आणि शेजारच्या पानामध्ये हातभर जागा मोकळी होती, आणि सरक म्हणायला कुणी नव्हतं.