सिस्टीमला वेळ

इथे आखातात, अल मजाज भागातले आमचे शेजारी पार्किंगमध्ये पुढची गाडी जरा रेंगाळली, तर हॉर्नवरचा हात काढत नाहीत. म्हणून कॉलेजच्या फुटबॉल मॅचला त्यांचा संयम पाहून मला शंका यायची. नव्या कोचने पुढे खेळणारा कोणी ठेवलाच नव्हता. सगळे आपल्याच गोलपाशी गर्दी करायचे. त्यापायी शेजाऱ्यांचा मुलगा, टीममध्ये सर्वात जास्त गोल करणारा, बाकावर बसला होता. टीम हरतच होती. आम्ही बाकीचे पालक "यल्ला, पुढे जा!" म्हणून ओरडायचो, कोचला काढायची भाषा करायचो. शेजारी मात्र थर्मासमधला चहा सगळ्यांना देत म्हणायचे, "हबीबी, सिस्टीमला वेळ द्यायला लागतो." एवढा मोठेपणा मला पचत नव्हता.

परवा बचाव करता करताच आमच्या टीमचा एक गोल झाला आणि टीम जिंकली. आम्ही उठून नाचलो. बाकावरचा त्यांचा मुलगाही हात उंचावून मैदानात धावला. शेजारी मात्र बसल्या बसल्या थर्मासचं झाकण घट्ट करत होते.

"काय हो, शेवटी जमलं ना कोचला?" मी विचारलं.

"एका मॅचवरून काय ठरतंय?" ते म्हणाले. "अजून वेळ द्या त्याला. हरेल."