पडद्याशेजारी आई

काल नव्या प्रिंटरचं खोकं उघडलं आणि थर्माकोलच्या वासाबरोबर भंडाऱ्याचं ते दुकान आठवलं, जिथून मी स्टुडिओसाठी पहिला कॉम्प्युटर घेतला होता. रोजची बिलं, लोकांचे ऑनलाइन अर्ज आणि लग्नाचे फोटो, सगळं एकाच डेस्कटॉपवर करायचं होतं. पवनीहून निघताना मी आईला सोबत घेतलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, मला फक्त तिचा चेहरा हवा होता. सकाळीच अंगणात काढलेला तिचा फोटो पेनड्राइव्हमध्ये होता. दुकानदाराने रंगीत दिवे लुकलुकणारी मशीन चालू करून तो उघडला. "पाहा ताई, मावशी कशी गोरी दिसून राहिली." मी आईला स्टुलासकट पडद्याशेजारी सरकवलं. धानाच्या रोवणीच्या उन्हात रापलेली माझी आई इकडे, आणि तिकडे कुणी भलतीच बाई. "भाऊ, दिवे नको, त्यापेक्षा रॅम वाढवा. आणि दुसरा स्क्रीन लावा." त्याने दुसरा लावला, मग कुरकुरत तिसरा. आई अवघडली. "काहून एवढा वखत लावून राहिली? गोरी दिसली त काय बिघडलं?" मी हटले नाही. शेवटी एका साध्या काळ्या चौकटीच्या पडद्यावर तिनेच बोट ठेवलं. "हे मी आहो." तोच घेतला. आजही लग्नाचा फोटो उघडला की मागून कुणीतरी म्हणतं, नवरीला जरा गोरी करा. मी नवरीलाच बोलावते आणि पडद्याशेजारी बसवते.