धोंड्याच्या महिन्यात बसवलेलं लिनक्स

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

मागच्या महिन्यात वाढदिवसाच्या व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. अमरावतीतल्या घरांत सर्वात आधी लिनक्स आपण बसवलं, मोडेम काही केल्या चालेना, आजी स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "या डब्याची एकदा दृष्ट काढून पाहू का?" तुम्ही खूप हसलात. तुमच्या बाबांचे तिकडचे मित्रही हसले. मीसुद्धा हसले. ती गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की कुठे हसायचं ते मला पाठ आहे.

दृष्ट काढायचं मी खरंच म्हणाले होते. पण ती चेष्टा नव्हती, त्रागा होता. कॉल संपल्यावर धाकटीने मला वेगळा मेसेज पाठवला, "आजी, तुला इंटरनेट कशाला हवं होतं गं तेव्हा?" इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. म्हणून आता लिहिते.

कॉलेजातून निवृत्त होऊन मला थोडेच महिने झाले होते. आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं, दुसऱ्यांनी लिहिलेलं. त्या वर्षी दिल्लीच्या एका प्रकाशन संस्थेने मला एक मराठी पुस्तक इंग्रजीत करायला सांगितलं. वऱ्हाडातल्या एका सुईणीच्या आठवणी होत्या. तिने सांगितलेल्या, तिच्या पुतणीने उतरवून घेतलेल्या. भाषा अस्सल इकडची. तिथल्या संपादकबाईंना इंग्रजी आणि वऱ्हाडी दोन्ही कानांत असलेलं माणूस हवं होतं. मी नमुन्याची पानं पाठवली, त्यांना आवडली. त्यांनी कळवलं की शंका आणि सूचना ई-मेलने येतील, कारण टपालात फार वेळ जातो, आणि उत्तरं लवकर यायला हवीत. ती वेळेवर गेली तर करार होणार होता. मुखपृष्ठावर माझं नाव येणार होतं.

मला इंटरनेट त्यासाठी हवं होतं.

घरी कॉम्प्युटर होता, आतमध्ये मोडेमचं कार्ड होतं. तुम्हाला हे सांगायला हवं की तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. कॉम्प्युटर स्वतः नंबर फिरवायचा, किरकिर-घरघर आवाज यायचा आणि मग कनेक्शन लागायचं. तेवढा वेळ फोन बंद. दिल्लीला मी जो पत्ता दिला होता तो त्याच कनेक्शनचा. त्याच्यावर आलेलं पत्र घरच्या फोनवरून डायल केल्याशिवाय दिसत नसे. हे सगळं नीट चालू होतं. मग व्हायरस आला आणि मशीन सुरूच होईना.

तो धोंड्याचा महिना होता. तुमच्या आईचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, अनारसे आणि दिवा देतात, ते तुम्हाला माहीत आहे. तुमचे बाबा तेव्हा अकोल्याला जठारपेठेत कॉम्प्युटरचे क्लास घेत. जेवण झालं, वाण दिलं, आणि पान खाता खाता ते म्हणाले, "आई, मशीन बिघडलं म्हणे. पाहतो ना मी."

मी म्हटलं, "दुकानवाल्याला बोलावलंय, जावईबापू. तो उद्या येतो."

तुमचे आजोबा मध्येच बोलले. आजोबा मूळचे वरूडकडचे, ऑफिसात शुद्ध बोलत, पण घरात विषय मानापानाचा आला की वऱ्हाडीवर येत. "घरचा जवाई कॉम्प्युटर शिकवते अन् तू दुकानवाल्याले बोलावून राहिली? लोकं काय म्हणतीन?"

दुकानवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. तुमच्या बाबांनी पिशवीतून एका मासिकासोबत आलेली सीडी काढली. "आई, तो चोरीचा विंडोज पाहिजेच कशाला? हे लिनक्स आहे. फुकट, आणि व्हायरस लागत नाही. दहा मिनिटांचं काम."

संध्याकाळपर्यंत लिनक्स बसलं. पडदा सुंदर दिसत होता, हे मान्य करते. फक्त मोडेम लागत नव्हता. डायल करायला गेलं की मशीन सांगायचं, मोडेम उत्तर देत नाही.

"ड्रायव्हर लागेल, मोडेम चालवणारा प्रोग्राम," तुमचे बाबा म्हणाले. "नेटवरून उतरवून घेऊ."

"पण नेटच तर नाही," मी म्हटलं.

"तेच तर," ते म्हणाले आणि हसले. "अकोल्याहून आणतो. येत्या रविवारी."

ते रविवार मी मोजले नाहीत. पहिल्या रविवारी ड्रायव्हर फ्लॉपीवर आला. बसमध्ये फ्लॉपीचं काय झालं कोण जाणे, ती उघडलीच नाही. दुसऱ्या खेपेला सीडीवर आणला. तो अकोल्याच्या मशीनवर तयार करून आणलेला होता आणि आमच्या मशीनवर चढेना. सोबत त्यांनी इंग्रजीतल्या सूचनांची छापलेली पानं आणली होती, ती टेबलावर ठेवून ते आणि आजोबा जेवायला बसले. वाढून झाल्यावर मी ती वाचली.

मला कॉम्प्युटर येत नव्हता. इंग्रजी येत होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की हा मोडेम अर्धाच मोडेम आहे. उरलेलं अर्धं काम विंडोज करतं, म्हणून तो स्वस्त मिळतो. लिनक्सवर तो चालवायचा तर ड्रायव्हर नेमका त्याच मशीनवरच्या लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, आवृत्तीसाठी बनवलेला हवा, शेवटच्या आकड्यापर्यंत जुळणारा. आणि खाली हेही होतं की हा खटाटोप नको असेल तर बाहेरून जोडायचा मोडेम घ्यावा, त्याला काही लागत नाही.

मी पानं घेऊन बाहेर आले. "जावईबापू, इथे लिहिलंय की आवृत्ती तंतोतंत जुळायला हवी. तुमच्या सीडीवर लिहिलेली आणि आपल्या पडद्यावर येते ती शेवटच्या आकड्यात वेगळी आहे."

"आई, शेवटच्या आकड्याने काही होत नसतं."

"इथे तर होतं म्हणतात."

"ते असंच लिहून ठेवतात हो. थांबा, जबरदस्तीने चढवतो."

जबरदस्तीने चढवला. पडदा जागच्या जागी गोठला. माऊस हलेना, कळा दाबून काही होईना. शेवटी मागचं बटण बंद करावं लागलं.

आजोबा माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. "जवायाले शिकोतं का आता? तेही जेवता जेवता?"

"मी वाचून दाखवलं फक्त."

"तुले काय समजते त्यातलं? तू आपली पुरणाकडे पाय."

मी पुरणाकडे पाहिलं. हे मला आजही गिळवत नाही. मशीन माझ्या कामासाठी दुरुस्त होत होतं आणि दर रविवारी ते दुरुस्त होत असताना मी ओट्याशी उभी होते, कारण जावई आला की वरण-भातावर भागत नाही. कधी पुरण, कधी सांबारवडी, कधी पातोड्या. बाहेर दोघं पुरुष मोडेमबद्दल बोलत आणि मी आतून रस्सा गरम आहे का विचारत असे.

तुमच्या आईला मी एकटीला गाठून म्हटलं, "अगं, बाहेरून जोडायचा मोडेम मिळतो. मी उद्या जाऊन आणते. प्रश्नच मिटला."

ती घाबरली. "आई, असं नको करू. त्यांना फार लागेल. आणि तिकडे सासूबाई काय म्हणतील? तुझ्या माहेरी आमच्या पोराची परीक्षा घेतात म्हणतील. मला राहायचंय त्या घरात."

नवी नवरी होती. तिची चूक नव्हती. मी मोडेम आणायला गेले नाही.

सायबर कॅफेत जाऊन नवा पत्ता काढते म्हटलं तर आजोबा म्हणाले, "तुयेच विद्यार्थी तिथं पडदे लावून बसतेत. त्याइच्या रांगेत बसशीन?" दिल्लीला फोन करून सांगते म्हटलं तर, "मशीन बंद हाये म्हनून सांगशीन? मंग काम कोन देईन? रविवारी होऊनच तर राहिलं." तुमचे बाबाही फोनवर तेच म्हणत. "आई, या रविवारी शंभर टक्के." आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना प्रत्येक रविवारी खरंच तसं वाटत असे.

एका रविवारी ते ड्रायव्हर आमच्याच मशीनवर बनवायला बसले. पडद्यावरून ओळी धावत राहिल्या, मी दारातून पाहत होते, आणि शेवटी लाल अक्षरांत काहीतरी येऊन थांबलं. गाभ्याच्या काही फायली त्या सीडीत नव्हत्याच. झाऱ्याचा प्रसंग तो. सगळे हसले. त्या दिवशीच पहिल्यांदा मला वाटलं की हे काम जाणार.

दुसऱ्या दिवशी आजोबा बाहेर गेल्यावर मी दिल्लीला साधं टपालाचं पत्र लिहिलं. माझं ई-मेल बंद आहे, शंका टपालाने पाठवा, मी त्याच दिवशी उत्तर देईन. उत्तर टपालानेच आलं, अतिशय सभ्य. आम्ही आपल्याला तीनदा लिहिलं. आपला प्रतिसाद नसल्याने आपल्याला रस उरला नसावा असं समजून काम दुसऱ्यांकडे सोपवलं आहे. पुढे कधी योग आला तर जरूर.

ते पत्र मी आजोबांना वाचून दाखवलं.  ते म्हणाले, "दिल्लीवाल्याइले दम नसते." आणि पेपर उचलला.

मी रिक्षा करून दुकानात गेले आणि बाहेरून जोडायचा मोडेम घेऊन आले. कोणाला विचारलं नाही. मागे एक तार, भिंतीत एक तार. पहिल्याच वेळी नंबर फिरला, किरकिर झाली, लागला. आतमध्ये तिन्ही पत्रं होती. पहिलं फार उत्साहाचं, त्यात सुईणीच्या बोलण्याबद्दल बारीक प्रश्न होते. चुलीजवळच्या प्रसंगातल्या एका शिवीचं इंग्रजीत काय करावं असंही विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर मला तिथल्या तिथे सुचलं. दुसरं काळजीचं. तिसरं काम दुसऱ्यांकडे सोपवल्याचं, जे टपालानेही कळलं होतं.

त्या रविवारी तुमचे बाबा आले. मोडेम चालतो पाहून खुश झाले. बाहेरचा आहे म्हटल्यावर म्हणाले, "अरे वा, हाही पकडला का लिनक्सने?" आजोबांनी लगेच अनुमोदन दिलं, "पाह्यलं? जवाईबापूनं बसवलेलं पक्कं होतं. फक्त तार पाहिजे होती." मी पुरी तळत होते.

पुस्तक दोनेक वर्षांनी निघालं. मी मागवून वाचलं. भाषांतर वाईट नाही. व्याकरण चोख आहे. पण त्या इंग्रजीत ती सुईण भीत भीत बोलते, पाटलासमोर पदर सावरून. मूळच्या पुस्तकात ती पाटलाला सांगते की बाजूला हो, तुझ्या बायकोचं काम आहे, तुझं नाही. ती कोणाला भीत नव्हती. दिल्लीहून पुन्हा काम आलं नाही, मीही मागितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आजी, बाबांना माहीत आहे का हे? माहीत असायला हवं. दिल्लीच्या कामाबद्दल त्या घरात रोज बोलणं होत होतं. पण गोष्ट सांगताना ते कधी त्यात येत नाही, कारण ते विनोदी नाही. तुमचे बाबा वाईट माणूस नाहीत. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तेच विमानाने आले, दवाखान्यात रात्रंदिवस बसले. मी त्यांना अजून अहो म्हणते आणि ते आले की पुरण करते. तुमच्या आजोबांशीही मी शेवटपर्यंत नीट वागले.

हे त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्यांनी माफी मागावी असं मी म्हणत नाही, आणि पुढच्या कॉलवर ती गोष्ट निघाली तर बहुधा हसेनही. फक्त तुम्ही हसण्याआधी तुम्हाला हे ठाऊक असावं. ते मशीन भंगारात गेलं, फोनची ती लाइनही कधीच कापली. राग अजून आहे.