उघडेबाईंनी बंद पाडलेलं यंत्र

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना अख्खं अंबाजोगाई 'उघडेबाई' म्हणायचं. त्यांचं आडनाव ते नव्हतं. दिसेल ती वस्तू उघडून बघायची त्यांना खोड होती. कुणाकडं हळदीकुंकवाला गेल्या आणि आतून मिक्सर घरघरताना ऐकू आला, की हातातलं वाण बाजूला ठेवून विचारायच्या, "पेचकस आहे का गं घरात?" निवृत्तीनंतर तर त्यांच्या पर्समध्ये चष्म्याशेजारी स्वतःचाच पेचकस असे.

वस्तू बहुतेक वेळा सुधारायची. नाही सुधारली तर बाई सरळ सांगून मोकळ्या व्हायच्या. प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली की आम्ही पोरं तुकडे बाकाखाली सरकवायचो. बाई मारत नसत. एवढंच म्हणत, "फुटली तर फुटली म्हण. लपवलीस की ती दुसऱ्यांदा फुटते."

म्हणूनच त्या दिवशी मला धस्स झालं. बाई माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आल्या, गिऱ्हाईक जाईपर्यंत कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "शटर जरा खाली घेतोस?" मग पदराआडून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं ई-रीडर काढलं. ते शेजारच्या अप्पांचं होतं.

अप्पांनी आयुष्यभर कापडाचं दुकान चालवलं आणि वाचायचं सगळं म्हातारपणासाठी राखून ठेवलं. म्हातारपण आलं तेव्हा डोळ्यांचा पडदाच खराब झाला. नजर कधीही जाईल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. पुण्याच्या नातीनं हे यंत्र पाठवलं, तेव्हापासून अक्षरं बोटाएवढी मोठी करून अप्पा ओट्यावर वाचत बसत. मध्येच एक अपडेट आलं आणि मराठी जोडाक्षरं फुटून निघाली. अप्पा वैतागले. बाई म्हणाल्या, "द्या इकडं, जुनं व्हर्जन परत टाकते." व्हिडिओ बघून त्यांनी ते टाकलं. यंत्र बंद झालं, ते सुरूच होईना.

"अप्पांना काय सांगितलंत?" मी विचारलं.

बाई टॉवेलाची घडी घालत राहिल्या. "चार्जर बिघडलाय, नवा मागवलाय, असं सांगितलंय मी. आठवड्याच्या वर झालं."

त्यांचंच परीक्षानळीचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. आपल्या शिक्षकांना मान खाली घातलेलं बघताना लाज आपल्यालाच वाटते.

बटण दाबून धरलं, केबल बदलली. कॉम्प्युटर यंत्राला ओळखेना. मागचं झाकण उघडून बॅटरीची वायर सोडवायची ठरली. बाईंनी पेचकस हातात घेतला. स्क्रूवर टेकवला आणि परत उचलला. "तू कर," म्हणून त्यांनी तो माझ्यापुढं धरला. वायर परत जोडल्यावर कॉम्प्युटरला यंत्र दिसलं, आणि चूकही कळली: बाईंनी टाकलेली फाइल या मॉडेलची नव्हतीच. कंपनीच्या साइटवरून बरोबर फाइल उतरवून टाकली. काळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकली आणि पडदा उजळला. आतलं सगळं पुसलं गेलं होतं, पण पुस्तकं नातीच्या खात्यावरून परत घेता आली. जोडाक्षरंही आता सरळ दिसत होती.

"चार्जर मिळाला म्हणून देऊन येऊ?" मी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तू चल सोबत. एकटीनं गेले तर परत खोटं बोलेन."

अप्पा ओट्यावर रिकाम्या हातांनी बसले होते. बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "अप्पा, चार्जर नव्हता बिघडला. यंत्र मी बिघडवलं होतं, आणि वर तुमच्याशी खोटं बोलले."

"मला ठावं हाय, बाई," अप्पा म्हणाले. "चार्जर तुमी नेलाच न्हवता. माज्या उशालाच हाय की त्यो."

बाईंचा चेहरा उतरला. "मग बोलला का नाहीत?"

"कावून बोलू? तुमी गल्लीतून खाली बगून जायला लागला. त्येच लई वाईट वाटत व्हतं."

बाईंनी यंत्र सुरू करून त्यांच्या हातात दिलं. अप्पांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, तिरकं करून बघितलं. बाईंनी वाकून अक्षरं आणखी मोठी केली, मग शेवटपर्यंत मोठी केली. अप्पांनी यंत्र मांडीवर ठेवलं. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "चार दिसांमागं सकाळी उठलो तर समदं धुकंच. ह्याच्यात तुमचा काय दोष न्हाई."

दोष नव्हताच. पण नजर असतानाचे शेवटचे काही दिवस अप्पांनी हात रिकामे ठेवून काढले होते, आणि ते का, हे तिथं तिघांनाही माहीत होतं. बाई ओट्याच्या कडेला बसल्या. यंत्र घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या.

पुढं रोज संध्याकाळी त्या वाचत, अगदी आजारी पडेपर्यंत. दुसऱ्याची वस्तू उघडणं त्यांनी सोडलं होतं. त्या गेल्यावर मी अप्पांना भेटायला गेलो.

"बाई वाचता वाचता मदीच थांबायच्या," अप्पा म्हणाले. "इचारलं तर म्हनायच्या, घसा सुकला. मी तांब्या पुढं सरकवायचो."

त्यांनी चाचपत शेजारचा तांब्या सरळ केला. मग म्हणाले, "पानी प्याल्याचा आवाज कदी आला न्हाई."